सिंथ लॅपटॉपला जोडला, पण प्रत्येक सूर दोनदा का वाजतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६१ कीजचा सिंथ (सिंथेसायझर), त्याला यूएसबी आणि ५-पिन मिडी (वाद्यांनी एकमेकांना 'हा सूर वाजव' असे संदेश पाठवण्याची पद्धत) दोन्ही आहेत, विंडोज लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे. भावगीतं आणि लावण्यांच्या कार्यक्रमासाठी घरीच ट्रॅक बसवायचे आहेत. अडचणी चार. वाजवताना प्रत्येक सूर जाडसर, फेझर नावाचा इफेक्ट लावल्यासारखा येतो. रेकॉर्ड केलेले सगळे ट्रॅक परत वाजवले की एकाच पियानोच्या आवाजात वाजतात. गायिकेसाठी पट्टी बदलली की ढोलकीच्या जागी भलतंच काहीतरी वाजतं. आणि शेवटी एमपी३ काढली तर ती मुकी! कोणीतरी सल्ला दिला आहे की केबल बदला, नाहीतर नवीन साउंड कार्ड घ्या.

केबल बदलू नका. साउंड कार्डाबद्दल पुढे बोलतो, पण या चारातल्या पहिल्या तीन तक्रारींशी त्याचा संबंध नाही.

मूळ मुद्दा वेगळाच आहे. तुमच्या सिंथमध्ये एकाच डब्यात दोन स्वतंत्र यंत्रं बसवलेली आहेत. एक म्हणजे कीज, पिच बेंडचा दांडा, सस्टेन पेडल. म्हणजे तुमचे हात काय करतात ते टिपणारा भाग. दुसरं म्हणजे आवाज तयार करणारा साउंड इंजिनचा भाग. स्टेजवर वाजवताना ही दोन आतल्या आत जोडलेली असतात, म्हणून ती वेगळी आहेत हे जाणवतही नाही. सीक्वेन्सिंग करायचं, म्हणजे वाजवलेले संदेश नोंदवून परत वाजवायचे, तर ती तोडून मधे सीक्वेन्सर बसवायचा असतो. हातांनी सीक्वेन्सरला सांगायचं आणि सीक्वेन्सरने साउंड इंजिनला सांगायचं. मालक एकच, तो म्हणजे रीपर. सिंथवर आणि रीपरमध्ये जे जे सेटिंग कराल ते या एका निर्णयाशी जुळतंय का एवढं पाहिलं, तर निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

आता पहिली तक्रार. तुम्ही की दाबता, तेव्हा साउंड इंजिन ती थेट वाजवतं. तोच संदेश यूएसबीतून रीपरकडे जातो, रीपर तो तुमच्या ट्रॅकच्या आउटपुटमधून सिंथकडे परत पाठवतो आणि इंजिन तोच सूर पुन्हा वाजवतं. दोन्हींमध्ये काही मिलिसेकंदांचं अंतर असतं. एकच आवाज इतक्या कमी अंतराने दोनदा वाजला की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात आणि तो फेझरसारखा पोकळपणा येतो. शिवाय प्रत्येक सुराला दुप्पट व्हॉइसेस (सिंथ एका वेळी वाजवू शकतो त्या सुरांच्या जागा) खर्च होतात, त्यामुळे पेडल दाबून पॅड वाजवला की आधीचे सूर मधेच तुटतात.

उपाय म्हणजे सिंथच्या सिस्टिम किंवा मिडी मेनूत 'लोकल कंट्रोल' नावाचं सेटिंग शोधा आणि ते ऑफ करा. काही मॉडेलवर त्याला 'लोकल स्विच' म्हणतात. मेनूत सापडलं नाही तर मिडीतला कंट्रोल चेंज (म्हणजेच कंट्रोलर) क्रमांक १२२ हाच संदेश आहे. किंमत ० पाठवली की ऑफ, १२७ पाठवली की ऑन. मात्र सगळीच कीबोर्ड हा संदेश बाहेरून ऐकतात असं नाही, म्हणून आधी मेनू पाहा. ऑफ केल्यावर रीपर बंद ठेवून की दाबून बघा. कीबोर्ड मुका झाला पाहिजे. तो मुका झाला म्हणजे बिघडला नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

मग रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये मिडी उपकरणांच्या यादीत तुमचा सिंथ इनपुट म्हणूनही आणि आउटपुट म्हणूनही इनेबल करा. बरेच जण फक्त इनपुट करतात. एक ट्रॅक घ्या, इनपुटला सिंथ द्या, रेकॉर्ड आर्म (ट्रॅक रेकॉर्डिंगला तयार ठेवणं) आणि मॉनिटरिंग (वाजवलेलं लगेच पुढे पाठवणं) चालू करा आणि ट्रॅकच्या राउटिंग खिडकीत मिडी हार्डवेअर आउटपुट म्हणून तोच सिंथ निवडा. आता की दाबली की आवाज रीपरमार्गे फिरून येईल आणि एकदाच येईल.

यूएसबी आणि ५-पिन अशा दोन्ही केबली एकदम लावल्या असतील तर एक काढा. दोन वाटांनी एकच संदेश गेला तर लोकल ऑफ असूनही सूर दुहेरी होतो. सिंथमध्ये 'थ्रू' किंवा 'सॉफ्ट थ्रू' (आलेला संदेश तसाच बाहेर पाठवणं) असेल तर तेही बंद. ते चालू राहिलं आणि रीपरही संदेश परत पाठवत असला तर तोच संदेश गोल गोल फिरत राहतो आणि कीबोर्ड अक्षरशः गोठतो.

दोन केबलींपैकी कोणती ठेवायची? एकाच सिंथसाठी यूएसबी पुरे. ५-पिनच्या वाटेचा वेग १९८३ साली मिडी ठरलं तेव्हा जो होता तोच आजही आहे, सेकंदाला ३१,२५० बिट. एका सुराचा संदेश जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. समेवर बेस, ढोलकी, टाळ आणि पाच सुरांची कॉर्ड एकदम आली की शेवटचा सूर सात-आठ मिलिसेकंद मागे पडतो. एका गाण्यात हे कळत नाही, पण त्याच वेळी पिच बेंड आणि आफ्टरटच (दाबलेल्या कीवरचा जोर) यांच्या संदेशांचा पूर आला की ठेका लडखडतो. मात्र ५-पिनचा एक फायदा कोणी सांगत नाही. त्याच्या इनपुटला ऑप्टो-आयसोलेटर असतो, म्हणजे लॅपटॉप आणि सिंथ यांच्यात विजेची थेट जोडणी होत नाही. यूएसबी लावल्यावर स्पीकरमधून बारीक किरकिर येत असेल आणि लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती थांबत असेल, तर तुमच्यासाठी ५-पिन बरी.

तुमच्या सिंथमध्ये लोकल ऑफ नसेलच, असंही होऊ शकतं. स्टाइल (आपोआप वाजणारी साथ) वाजवणाऱ्या स्वस्त कीबोर्डांत काही वेळा ते मिळत नाही. मग रीपरमध्ये वाजवताना मॉनिटरिंग बंद ठेवा. रेकॉर्ड करताना पॅनेलवर निवडलेलाच आवाज ऐकू येईल, ट्रॅकचा नाही. गैरसोय आहे, पण चालतं.

दुसरी तक्रार, सगळं पियानोत वाजण्याची. यात दोन गोष्टी एकत्र झालेल्या असतात. पहिली म्हणजे मोड. तुम्ही रोज ज्या मोडमध्ये वाजवता तो बहुधा एकाच आवाजाचा, पॅचचा मोड असतो. त्यात सिंथ एकाच चॅनेलवर ऐकतो. मिडीची १६ चॅनेल्स (एकाच केबलमधल्या संदेशांच्या वेगवेगळ्या वाटा) वेगवेगळ्या आवाजांत वाजायची असतील तर त्याला परफॉर्मन्स, मल्टी किंवा सीक्वेन्स मोडमध्ये न्यावं लागतं. नाव कंपनीप्रमाणे बदलतं. दुसरी म्हणजे चॅनेल. कीज सहसा चॅनेल १ वरच पाठवतात. ते तसंच राहू द्या. प्रत्येक ट्रॅकच्या हार्डवेअर आउटपुटमध्ये रीपरला चॅनेल बदलायला सांगा: बेस २ वर, स्ट्रिंग्ज ३ वर, बासरी ४ वर. सिंथवर चॅनेल बदलत बसायचं नाही, कारण मालक कोण ते आपण ठरवलं आहे.

इथे एक जण हमखास विचारतो की पॅच मोडमध्ये भरदार वाटणारा आवाज मल्टी मोडमध्ये कोरडा का पडतो. पॅच मोडमध्ये रिव्हर्ब, कोरस, इन्सर्ट इफेक्ट (एखाद्याच आवाजाला लावायचा) सगळे त्या एका आवाजाच्या दिमतीला असतात. मल्टी मोडमध्ये तेच थोडेसे इफेक्ट १६ आवाजांनी वाटून घ्यायचे असतात. यात दोष काही नाही. गाण्यात ज्या आवाजाला सर्वाधिक गरज आहे, समजा लीड व्हायोलिन, त्याला इन्सर्ट द्या आणि बाकीच्यांना फक्त सामायिक रिव्हर्ब.

आता आवाज निवडण्याबद्दल. पॅनेलवर बटणं दाबून आवाज निवडू नका, कारण उद्या फाइल उघडाल तेव्हा सिंथला काहीच आठवत नसेल. मी प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला एक माप पूर्ण रिकामं सोडतो आणि त्यात प्रत्येक चॅनेलचे निर्देश लिहितो. क्रम महत्त्वाचा. आधी बँक सिलेक्टचा मोठा भाग, म्हणजे कंट्रोलर ०. मग छोटा भाग, कंट्रोलर ३२. त्यानंतरच प्रोग्रॅम चेंज, म्हणजे त्या बँकेतला (आवाजांच्या संचातला) आवाज निवडणारा संदेश. बँक नंतर आली तर ती पुढच्या प्रोग्रॅम चेंजपर्यंत नुसती पडून राहते आणि भलताच आवाज लागतो. त्यापुढे व्हॉल्यूम ७, पॅन १०, एक्स्प्रेशन ११, रिव्हर्ब ९१. सगळ्या चॅनेल्सचे संदेश एकाच टिकवर (एकाच क्षणी) रचू नका, थोडे थोडे पुढे सरकवत जा. काही सिंथना आवाज बदलायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात पहिला सूर आला तर तो गिळला जातो.

प्रोग्रॅमचे क्रमांकही फसवतात. आवाजांच्या छापील यादीत १ ते १२८ असतात, संदेशात ० ते १२७ जातात. काही सॉफ्टवेअर एक दाखवतं, काही दुसरं. नेहमी एक घर मागचा किंवा पुढचा आवाज लागत असेल तर दुसरं कारण शोधू नका. तसंच मधल्या साचं, म्हणजे कीबोर्डच्या मधल्या सी या कीचं. संदेशात तो सूर क्रमांक ६० असतो, पण रोलँड त्याला सी४ म्हणतं आणि यामाहा सी३. एखाद्याने पाठवलेलं नोटेशन एक सप्तक चुकल्यासारखं वाटलं तर आधी हे तपासा.

बासरी किंवा व्हायोलिनवर मींड घेणार असाल तर पिच बेंडचा पल्लाही त्याच रिकाम्या मापात लिहून टाका. बहुतेक ठिकाणी तो २ सेमीटोनचा असतो. सा वरून थेट ग वर जायचं म्हटलं की तो अपुरा पडतो. कंट्रोलर १०१ ला ०, १०० ला ०, मग कंट्रोलर ६ ला हवा तो आकडा. मी लीडला ५ ठेवतो. १२ ठेवणारे आहेत, पण दांड्याचा प्रवास तेवढाच राहतो आणि पल्ला वाढतो, त्यामुळे हाताला बारीक श्रुती सापडत नाहीत. एकदा रेकॉर्ड केल्यावर हा आकडा बदलू नका, नाहीतर घेतलेल्या सगळ्या मींडा बेसूर होतील.

आता ढोलकी. तुमच्या तक्रारींतली ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पाश्चात्त्य ट्यूटोरियल्समध्ये याबद्दल फारसं मिळत नाही.

रिदमच्या चॅनेलवर, म्हणजे सामान्यतः १० वर, प्रत्येक की म्हणजे वेगळं वाद्य किंवा वेगळा बोल असतो. ३६ वर किक, ३८ वर स्नेअर. तुम्ही सिंथचा ट्रान्सपोज (पट्टी वर-खाली करणारं सेटिंग) समजा +४ करता, तेव्हा पुष्कळ कीबोर्ड बाहेर जाणारे सूरच सरकवतात. मग ३८ चा ४२ होतो आणि स्नेअरच्या जागी हाय-हॅट वाजते. ढोलकीच्या किटमध्ये 'धा' च्या जागी दुसराच बोल येतो. काही कीबोर्ड मात्र सूर तसेच ठेवून फक्त आवाजाची पट्टी बदलतात. तुमचा कोणता, ते दोन मिनिटांत कळेल. विंडोजवर मिडी-ओएक्स हे येणारे मिडी संदेश दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर उघडा, ट्रान्सपोज +१ करा आणि मधला सा दाबा. ६० दिसला की ६१, यावर उत्तर आहे.

काहीही असलं तरी सीक्वेन्सिंग करताना सिंथचा ट्रान्सपोज ० ठेवायचा. गाणं काळी एकमध्ये बसवलं आणि गायिकेला काळी चार हवी असेल, तर रीपरमध्ये फक्त सुरांचे ट्रॅक निवडून हलवा आणि रिदमचा ट्रॅक तिथेच सोडा. काळी एक ते काळी चार म्हणजे वर ७ किंवा खाली ५ सेमीटोन. प्रत्येक ट्रॅकला एकच दिशा असावी असा नियम नाही. बेस ७ ने वर गेला की त्याचा दणका जातो, म्हणून तो ५ ने खाली आणतो. बासरी खाली आणली की ती घोगरी होते, म्हणून ती वर. मात्र खाली नेताना बेसचे सूर त्या आवाजाच्या पल्ल्याबाहेर तर जात नाहीत ना, हे ऐकून बघा.

तबल्याचा प्रश्न याहून चिकट आहे. दायाँ (उजव्या हाताचा तबला) सा ला लावलेला असतो, म्हणजे पट्टी बदलली की त्यानेही बदललं पाहिजे, पण सूर क्रमांक सरकवले तर बोल बिघडतात. सिंथमध्ये किटची ट्यूनिंग स्वतंत्र बदलता येत असेल तर तोच मार्ग. नसेल तर मी तबला ऑडिओ म्हणून रेकॉर्ड करून घेतो आणि तो ऑडिओ एक-दोन सेमीटोन हलवतो. त्यापलीकडे नेलं की तबला प्लॅस्टिकचा वाटायला लागतो. तेव्हा गाणं बसवायच्या आधी गायिकेला पट्टी विचारून घेणं सगळ्यांत स्वस्त पडतं.

आणखी एक. हे ट्रॅक तुम्ही दुसऱ्या कुणाच्या कीबोर्डवर वाजवायला देणार असाल तर सावध राहा. जनरल मिडी ही १९९१ पासूनची आवाजांची सामायिक यादी आहे. तिच्यात सतार आहे, सनई आहे, पण तबला, ढोलकी आणि आपली पेटी नाही. ते आवाज प्रत्येक कंपनीने स्वतःच्या बँकेत ठेवले आहेत. तुमच्या सिंथवरची सुरेख लग्गी दुसऱ्याच्या कीबोर्डवर बोंगो आणि झांजांत वाजेल. अशा वेळी रिदम ऑडिओ करूनच द्या. बाकीची मिडी फाइल कीबोर्डच्या पेनड्राइव्हवरून वाजवायची असेल तर ती फॉरमॅट ० मध्ये (सगळे चॅनेल एकाच ट्रॅकमध्ये) काढा. जुन्या बऱ्याच कीबोर्डांना फक्त तोच समजतो.

ठेक्याबद्दल थोडंसं, कारण क्वान्टाइझचं (सूर आपोआप ग्रिडच्या नेमक्या वेळेवर ओढण्याचं) बटण समोर दिसतं आणि हात तिकडे जातो. केहेरव्याचा ठेका सोळाव्या हिश्श्याला शंभर टक्के क्वान्टाइझ केला की ढोलकीवाला शिपाई होतो. मी साधारण ५० ते ६० टक्क्यांवर थांबतो, तेही फक्त जोराच्या बोलांना. लग्गीला हातच लावत नाही. दादऱ्यासाठी प्रोजेक्ट ६/८ मध्ये ठेवलात तर टेम्पोचा आकडा कशाचा आहे ते बघा. रीपरसकट पुष्कळ ठिकाणी तो चतुर्थांश सुरांचा असतो, मात्रांचा नाही. रूपकासाठी ७/४ सरळ चालतं.

तानपुऱ्याचा ट्रॅक मिडीवर ठेवत असाल तर एकच लांबच लांब सूर काढून ठेवू नका. गाणं मधूनच वाजवलं तर तो सूर सुरू होण्याचा संदेश आधीच होऊन गेलेला असतो आणि तानपुरा गप्प बसतो. सॉफ्टवेअरमध्ये मागचे सूर शोधून वाजवण्याची सोय असते, पण दर आवर्तनाला नवा सूर सुरू करणं जास्त खात्रीचं.

टेम्पोचा मालकही रीपरच. सिंथचा आर्पेजिएटर (कॉर्डचे सूर आपोआप एकामागून एक वाजवणारी सोय) किंवा स्टाइल वापरत असाल तर सिंथचं क्लॉक 'एक्स्टर्नल' किंवा 'ऑटो' करा आणि रीपरमधून त्या आउटपुटला क्लॉक पाठवा. मिडी क्लॉक चतुर्थांश सुराला २४ ठोके देतं. दोघंही आपापल्या घड्याळावर चालले तर आकडा दोन्हीकडे १२० असूनही चार कडव्यांत फरक ऐकू येतो. आर्पेजिएटर आणि स्टाइल वापरत नसाल तर हा परिच्छेद विसरा आणि क्लॉक पाठवूच नका.

शेवटची तक्रार, मुकी एमपी३. मिडीत आवाज नसतो. ते लिहिलेलं नोटेशन आहे. वाजवणारा सिंथ आहे आणि तो लॅपटॉपच्या बाहेर बसलाय. रीपर फाइल काढताना त्याच्याजवळ काढण्यासारखं काहीच नसतं. सिंथच्या डाव्या-उजव्या लाइन आउटमधून दोन जॅक केबली ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटला न्या आणि स्टिरिओ ऑडिओ ट्रॅकवर गाणं प्रत्यक्ष वेळेत वाजवून रेकॉर्ड करा. इथे साउंड कार्ड लागतं, सल्ला देणाऱ्याचं तेवढं बरोबर. लॅपटॉपचं माइकचं भोक या कामाचं नाही. ते बहुधा मोनो असतं आणि त्याला लाइनचा जोर झेपत नाही. काही नवे सिंथ यूएसबीवरूनच ऑडिओही देतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये 'यूएसबी ऑडिओ' असा शब्द दिसला तर इंटरफेसचा खर्च वाचेल.

सगळं एकदम रेकॉर्ड केलं तर मिक्सिंग करता येणार नाही. वेळ असेल तर एकेक ट्रॅक सोलो करून वेगळा घ्या. रिदम, बेस आणि लीड एवढे तरी वेगळे घ्याच. असं घेताना सिंथवरचा सामायिक रिव्हर्ब शून्य करा आणि नंतर रीपरमध्ये एकच रिव्हर्ब सगळ्यांना द्या, म्हणजे सगळी वाद्यं एकाच खोलीत बसल्यासारखी वाटतील. ऑडिओ मिडीच्या काही मिलिसेकंद मागे पडलेला दिसेल. ढोलकीचा पहिला ठोका ग्रिडवर आणून सगळे ट्रॅक तेवढेच डावीकडे सरकवा.

सुरुवात करताना लोकल ऑफ, एकच केबल, मल्टी मोड आणि ट्रान्सपोज ० एवढं आधी करा. एक बेस, एक ढोलकी, एक बासरी असे तीनच ट्रॅक करून पाहा. ते नीट वाजले तर उरलेले तेरा चॅनेल त्याच पद्धतीने होतात.

आणि कार्यक्रमाला निघण्याआधी लोकल परत ऑन करा. काही सिंथ बंद-चालू केले की आपोआप ऑन होतात, काही ते सेटिंग जपून ठेवतात. तुमचा कोणत्या जातीचा आहे ते घरीच बघून ठेवा. साउंड चेकच्या वेळी मुका कीबोर्ड हातात घेऊन केबली उपटत बसलेले वादक मी पुष्कळ पाहिलेत. एवढं करूनही सूर दुहेरी येत राहिला तर सिंथचं मॉडेल आणि एक की दाबल्यावर मिडी-ओएक्समध्ये किती ओळी दिसतात ते लिहा.